बिनखलाशांची जहाजे आणि सावित्रीचा गाळ

जहाज वाऱ्यावर चालावे, वाफेवर चालावे की तेलावर, हा प्रश्न मानवी इतिहासात अनेकदा नव्याने सुटला. परंतु जहाजावर माणूस असावा की नसावा, हा प्रश्न आजवर कोणाला पडला नव्हता. गेल्या दहा-बारा वर्षांत तो गंभीरपणे विचारला जाऊ लागला आहे. उपग्रह, रडार, कॅमेरे आणि संगणक यांच्या साहाय्याने आपली वाट आपणच शोधणारी मालवाहू जहाजे नॉर्वे आणि जपानच्या पाण्यात उतरली आहेत. भारतातही ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘मातंगी’ नावाची स्वयंचलित नौका मुंबईहून तुतिकोरीनच्या दिशेने सोडण्यात आली. या जहाजांच्या बाजूने दोन कारणे पुढे केली जातात : त्यांच्यामुळे वाहतूक अधिक कार्यक्षम होईल आणि हवेत सोडला जाणारा कार्बन कमी होईल.

महाड-पोलादपूरच्या कार्यकर्त्याला हा विषय दूरचा वाटण्याचा संभव आहे. डोंगराच्या कुशीतले हे दोन तालुके. समुद्र गाठायचा तर सावित्रीच्या काठाकाठाने बाणकोटच्या खाडीपर्यंत उतरावे लागते. तरीही या प्रश्नाशी त्यांचा संबंध तिहेरी आहे. येथील पिढ्यान्‌पिढ्यांनी पोटासाठी मुंबईची वाट धरली. कोणी गोदीत हमाली केली, कोणी गिरणीत साचे चालवले, कोणी ‘बोटीवर’ गेले. हवामान बिघडल्याची किंमत या तालुक्यांनी प्रेते मोजून दिली आहे. आणि ज्या जलवाहतुकीचे गोडवे आज जगभर गायिले जातात, ती वाहतूक एके काळी महाडच्या दारात होती व ती दारातच बुजू दिली गेली. म्हणून बिनखलाशांच्या जहाजाचा विचार सावित्रीच्या काठावरूनही करता येतो. किंबहुना तेथून तो अधिक स्पष्ट दिसतो.

धुराचा प्रश्न खरा आहे

प्रारंभीच एक गोष्ट मान्य केली पाहिजे. जहाजांच्या धुराचा प्रश्न भांडवलदारांनी रचलेला बनाव नाही. जगाच्या व्यापारातील आकारमानाने ऐंशी टक्क्यांहून अधिक माल समुद्रमार्गे जातो, आणि मानवी व्यवहारांतून हवेत जाणाऱ्या तापमानवर्धक वायूंपैकी जवळजवळ तीन टक्के वाटा जहाजांचा आहे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनेच २०२० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या चौथ्या अभ्यासात २०१८ सालाचा हा हिशेब मांडला. शतकाच्या मध्यापर्यंत जहाज-वाहतुकीचे निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचे उद्दिष्ट याच संघटनेने २०२३ साली स्वीकारले.

एखाद्या गावावर कोसळलेल्या एका पावसाचा दोष कोणत्याही एका जहाजाला देता येत नाही, हे उघड आहे. परंतु पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१७ साली दाखवून दिले, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तीर्ण प्रदेशावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या आणि त्यामागे तापलेल्या अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाचा हात आहे. जुलै २०२१ मध्ये महाड शहर सावित्री आणि गांधारी यांच्या पुरात बुडाले. त्याच अतिवृष्टीत तळिये येथे डोंगर खाली आला आणि ऐंशीहून अधिक माणसे गाडली गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडी येथेही दरडींनी माणसे मारली. ज्यांच्या घरात मोटार नाही, ज्यांनी जन्मात विमान पाहिले नाही, अशा माणसांवर जगाच्या धुराचा बोजा पहिल्यांदा पडतो. त्यामुळे उत्सर्जन कमी करण्याची मागणी ही मूलतः श्रमिकांचीच मागणी आहे. ती मालकांच्या प्रवक्त्यांच्या हाती सोपवून आपण फक्त नोकऱ्या वाचवण्याच्या मोर्चावर उभे राहावे, ही चूक समाजवादी चळवळीने करता कामा नये.

तसेच, यंत्र म्हणून यंत्राला विरोध करणे हेही समाजवाद्याचे काम नव्हे. कोळशावर चालणाऱ्या आगबोटीच्या तळघरात ‘आगवाला’ नावाचा कामगार असे. भट्टीसमोर उभे राहून फावड्याने कोळसा लोटता लोटता त्याचे आयुष्य जळून जाई. तेलाची इंजिने आली आणि तो धंदा संपला. त्या नरकाबद्दल कोणी अश्रू ढाळण्याचे कारण नाही. प्रश्न असतो तो एवढाच, की भट्टीपासून सुटलेल्या माणसाला दुसरे काम मिळाले की नाही, आणि वाचलेल्या श्रमाचे मोल कोणाच्या खिशात गेले.

इंधनाची बचत, माणसाची बचत

बिनखलाशांच्या जहाजाची जाहिरात करताना दोन वेगळ्या बचती एकाच गाठोड्यात बांधल्या जातात. एक बचत इंधनाची व दुसरी माणसांची. हे गाठोडे सोडून पाहिल्याखेरीज या विषयातले सत्य हाती लागत नाही.

या क्षेत्रातले सर्वांत गाजलेले उदाहरण नॉर्वेच्या ‘यारा बिर्कलांड’ या जहाजाचे आहे. खतांचा व्यवसाय करणाऱ्या यारा कंपनीचे हे सुमारे ऐंशी मीटर लांबीचे, १२० कंटेनर वाहणारे जहाज २०२२ च्या वसंतात हेरॉया येथील कारखाना आणि ब्रेविक बंदर यांच्या दरम्यान व्यापारी फेऱ्या करू लागले. ते संपूर्णपणे विजेच्या बॅटरीवर चालते. वर्षाला डिझेल ट्रकांच्या ४०,००० फेऱ्या त्यामुळे वाचतील, असे कंपनीने जाहीर केले होते. हा आकडा प्रभावी आहे यात शंका नाही. परंतु धूर वाचला तो कशामुळे? माल रस्त्यावरून पाण्यावर गेला म्हणून, आणि डिझेलच्या जागी वीज आली म्हणून. नॉर्वेची बहुतेक सर्व वीज धबधब्यांच्या पाण्यापासून होते, हेही येथे ध्यानात ठेवावयास हवे. जहाजावरचा सुकाणूधारी घरी पाठवल्यामुळे यातला मोठासा धूर वाचलेला नाही. कारण व्यापारी फेऱ्या सुरू झाल्या तेव्हा हे जहाज खलाशी घेऊनच चालत होते. आणखी एक गोष्ट जाहिरातीत बारीक अक्षरांत असते. या जहाजाच्या बांधणीला नॉर्वे सरकारच्या ‘एनोवा’ या संस्थेने तेरा कोटी क्रोनरहून अधिक अनुदान दिले. म्हणजे जोखीम जनतेच्या पैशाने पत्करली गेली.

मोठ्या सागरी जहाजांचीही गोष्ट फारशी वेगळी नाही. जहाजाच्या इंजिनाला लागणारी शक्ती ढोबळ मानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे वेग दहा टक्क्यांनी कमी केला तर लागणारी शक्ती सुमारे सत्तावीस टक्क्यांनी उतरते. प्रवास लांबल्याचा हिशेब धरूनही इंधनाची बचत भरीव राहते. आज असंख्य जहाजे पूर्ण वेगाने धावत बंदराबाहेर येऊन पोहोचतात आणि धक्का मोकळा होईपर्यंत दिवसचे दिवस नांगर टाकून पडून राहतात, कारण मालाच्या करारांची घडणच तशी आहे. आधी पोहोचणाऱ्याला रांगेत आधी जागा, आणि थांबल्याबद्दल भरपाई! ही उधळपट्टी थांबवण्यासाठी संगणकाची मदत जरूर घ्यावी. वारा, लाटा व प्रवाह पाहून मार्ग आखणारी, इंजिनाचा भार जुळवणारी यंत्रणा जहाजावर बसवावी. परंतु या यंत्रणेला खलाशांची अडचण कधीच झालेली नाही. ती सुकाणूपाशी उभ्या असलेल्या माणसाच्या हाती उत्तम काम करते. माणूस काढून टाकल्याने इंधनाची जी बचत होते ती राहण्याच्या खोल्या, भटारखाना, पाणी व दिवे यांच्यापुरती. तिची तुलना वेग व इंधन यांतून होणाऱ्या बचतीशी करता येत नाही.

मग माणूस काढून टाकण्याचा एवढा उत्साह कशासाठी? उत्तर सरळ आहे. पगार, रजा, विमा, परतीचे विमानभाडे आणि संघटना या पाच गोष्टी माणसाबरोबर येतात व त्याच्याबरोबर जातात. ही बचत खरी आहे, परंतु तिला पर्यावरणाचे नाव देणे हा निव्वळ अप्रामाणिकपणा आहे. धूर कमी करण्याची खरी परीक्षा झाली ती ऑक्टोबर २०२५ मध्ये लंडनला. जहाजांच्या उत्सर्जनावर जागतिक आकार बसवण्याचा प्रस्ताव आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेपुढे होता. अमेरिका व तेलसंपन्न देश यांच्या विरोधामुळे तो निर्णय एक वर्षाने पुढे ढकलण्यात आला. जेथे पैसे मोजण्याची वेळ येते तेथे पृथ्वीची चिंता एक वर्ष थांबू शकते, असा याचा अर्थ.

जपानचे उदाहरणही याच नजरेने पाहावे. ‘निप्पॉन फाउंडेशन’च्या साहाय्याने तेथे २०२२ साली ‘सुझाकू’ या कंटेनर-जहाजाने टोकियो उपसागर आणि इसे उपसागर यांच्या दरम्यान जवळजवळ ७९० किलोमीटरचा प्रवास स्वयंचलनाने केला. जपानमध्ये किनारी जहाजांवरचे खलाशी म्हातारे होत चालले आहेत आणि त्यांच्या जागी तरुण येत नाहीत. तेथील समाजाने त्यावर यंत्राचा तोडगा काढावा हे समजण्यासारखे आहे. परंतु महाडच्या बाजारपेठेत, पोलादपूरच्या एस.टी. स्थानकावर दाखले हातात घेऊन उभ्या असलेल्या तरुणाची अडचण नेमकी उलटी आहे. दुसऱ्याच्या दुखण्यावरचे औषध आपल्या निरोगी अवयवाला लावण्यात कसला आला पुरोगामीपणा?

पहारा कोणाचा?

जहाजावरचा माणूस केवळ चाक फिरवत नाही. तो पहारा देतो. संकट ओळखणे, दुसऱ्याला हाक देणे आणि आपल्या हातून जे घडले त्याची जबाबदारी घेणे, ही त्याची खरी कामे आहेत. हे समजण्यासाठी दोन पुलांची आठवण पुरेशी आहे.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरील ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला. दोन एस.टी. बसगाड्या आणि एक खाजगी मोटार नदीच्या पोटात गेली. चाळीसच्या आसपास माणसे गेली. त्या पुलाची तपासणी त्याच वर्षी झालेली होती आणि कागदोपत्री तो वाहतुकीस योग्य होता. कागदाला जे दिसले नाही ते त्या रात्री पुलाजवळच्या गॅरेजमधील एका कष्टकऱ्याला दिसले. पूल नाहीसा झाल्याचे ध्यानी येताच त्याने धावत जाऊन मागून येणारी वाहने अडवली. त्याच्या हाती कोणतीही यंत्रणा नव्हती. डोळे होते आणि दुसऱ्याच्या जिवाची काळजी होती.

२६ मार्च २०२४ च्या मध्यरात्रीनंतर अमेरिकेत बाल्टिमोर येथे ‘डाली’ नावाच्या अजस्र कंटेनर-जहाजाची वीज गेली आणि ते पुलावर आदळून पूल कोसळला. त्या जहाजावरील एकवीस खलाशांपैकी वीस भारतीय होते. आदळण्यापूर्वीच्या काही क्षणांत जहाजावरून धोक्याचा संदेश गेला, पोलिसांनी पुलाची दोन्ही टोके बंद केली आणि असंख्य प्राण वाचले. पुलावर खड्डे बुजवण्याचे काम करणारे सहा स्थलांतरित मजूर मात्र गेले. यंत्रणा बिघडली होती, आणि ती बिघडल्याचे ओरडून सांगणारी माणसे जहाजावर होती. पुढे कित्येक आठवडे हेच खलाशी चौकशीसाठी जहाजावर अडकून पडले. माणसांनी भरलेल्या जहाजाच्या अपघातात जबाबदार कोण, हे विचारण्यासाठी कप्तान सापडतो. उद्या बाणकोटच्या खाडीत मच्छीमाराची होडी बिनखलाशांच्या बार्जखाली आली तर त्याच्या विधवेने कोणाचे दार ठोठवायचे? जहाजाचा मालक एका देशात, नोंदणी दुसऱ्या देशात, विमा तिसऱ्यात, आणि संगणकाचा कार्यक्रम लिहिणारी कंपनी चौथ्या देशात, अशी स्थिती असते. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने अशा जहाजांसाठी संहिता घडवण्याचे काम हाती घेतले असून ती प्रथम ऐच्छिक ठेवून २०३२ पासून बंधनकारक करण्याचे ठरवले आहे. त्या संहितेत उत्तरदायित्वाचे कलम कसे लिहिले जाते, इकडे खलाशांच्या संघटनांनी आणि कोकणातल्या मच्छीमारांनी डोळ्यांत तेल घालून पाहिले पाहिजे.

खलाशाच्या आजच्या जीवनाचे गुलाबी चित्र रंगवण्याचेही कारण नाही. जगात सुमारे एकोणीस लाख दर्यावर्दी आहेत आणि त्यांचा पुरवठा करणाऱ्या पहिल्या पाच देशांत भारत आहे. २०२० मध्ये साथीच्या काळात, करार संपूनही, सुमारे चार लाख दर्यावर्दी जहाजांवर कोंडले गेले. आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाच्या नोंदींप्रमाणे २०२४ साली मालकांनी वाऱ्यावर सोडलेल्या खलाशांची संख्या तीन हजारांहून अधिक होती व त्यांत सर्वाधिक, सुमारे नऊशे, भारतीय होते. ज्या मालकवर्गाला आजचा खलाशी पगारासह घरी पोचवणे जमत नाही, तोच मालकवर्ग उद्या खलाशाला समुद्राच्या कष्टांतून मुक्त करण्याची भाषा करतो, तेव्हा त्या मुक्तीचा अर्थ बेकारी असा असतो. खरोखरच कष्ट कमी करावयाचे असतील तर यंत्राच्या मदतीने जहाजावरचा मुक्काम नऊ महिन्यांचा चार महिने करता येईल, रात्रीच्या पाळ्या हलक्या करता येतील, पगार तोच ठेवता येईल. यंत्राने वाचवलेला वेळ श्रमिकाच्या पदरात टाकणे, हीच यंत्राची समाजवादी कसोटी आहे.

गोदीचा धडा

हा सारा तर्क कोणाला पुस्तकी वाटत असेल तर त्याने रायगड जिल्ह्याचाच इतिहास पाहावा. जलवाहतुकीत आलेली मागची मोठी क्रांती कंटेनरची होती. तत्पूर्वी मुंबईच्या गोदीत प्रत्येक गोण, पेटी नि पिंप माणसाच्या पाठीवरून उतरत असे. त्या पाठी घाटावरच्या आणि कोकणातल्या होत्या. पी. डिमेलो यांच्यासारख्या नेत्यांनी त्या गोदी कामगाराला संघटित केले. १९४८ च्या गोदी कामगार कायद्याने त्याला नोंदणी, हमीचे काम आणि ताठ मान दिली. पुढे १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कायदा करून बंदराबाहेरच्या हमालालाही तेच संरक्षण दिले.

मग पोलादी पेटी आली. २६ मे १९८९ रोजी न्हावा-शेवा येथे नवे बंदर सुरू झाले आणि जेथे टोळ्या दिवसरात्र राबत तेथे एक क्रेन व तिच्या डोक्यावरचा एक चालक पुरेसा झाला. जहाजे दिवसांऐवजी तासांत रिकामी होऊ लागली. कार्यक्षमता वाढली, हे कोणी नाकारत नाही. पण गोदी कामगारांची पुढची पिढी गोदीत गेलीच नाही. ती कंत्राटदाराच्या गोदामात, हमीशिवाय, उभी राहिली. ज्या उरण-पनवेलच्या शेतकऱ्यांच्या जमिनींवर ही नवी नगरे व बंदर उभे राहिले त्यांनी जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा दिला, जासई-दास्तान फाट्याच्या गोळीबारात पाच माणसे हुतात्मा झाली, तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित जमिनीचे तत्त्व सरकारच्या गळी उतरले. आणि त्या तत्त्वाची अंमलबजावणी पुढे दशकानुदशके रेंगाळली. दरम्यान, जनतेच्या पैशाने उभारलेल्या त्या बंदरातील सर्व कंटेनर-धक्के एकेक करून खाजगी कंपन्यांकडे गेले. २०२२ मध्ये प्राधिकरणाचा स्वतःचा उरलेला धक्काही गेला.

या इतिहासातून निघणारा धडा स्पष्ट आहे. यंत्र आल्यानंतर केलेली मागणी ही नुकसानभरपाईची याचना ठरते. यंत्र येण्यापूर्वी केलेला करार हा हक्क असतो. बिनखलाशांची जहाजे अजून दारात आलेली नाहीत. म्हणूनच बोलण्याची वेळ आता आहे.

सावित्रीचा जलमार्ग

आता महाडकडे वळू. गांधारपाल्याची लेणी जेथे कोरली गेली तेथे व्यापाराची वाट होती, हे सांगायला इतिहासकार लागत नाही. देशावरचा माल वरंध्यासारख्या घाटांनी बैलांच्या पाठीवरून महाडला उतरे आणि येथून पडाव-मचव्यांतून खाडीमार्गे मुंबईला जाई. मोठ्या बोटी दासगावपर्यंत येत. २४ डिसेंबर १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर दोनशेच्या आसपास सहकाऱ्यांसह मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने निघाले आणि दुसऱ्या दिवशी दासगावच्या बंदरावर उतरून महाडच्या सत्याग्रह परिषदेला पायी गेले. त्या परिषदांच्या उभारणीत राबलेले रामचंद्र बाबाजी मोरे लहानाचे मोठे झाले ते याच दासगावात. पुढे ते मुंबईच्या कामगार चळवळीत विलीन झाले. चवदार तळ्याच्या पाण्याचा हक्क मागायला माणसे सावित्रीच्या पाण्यावरून आली, हे या नदीचे भाग्य.

ती वाट पुढे बुजली. किनारी आगबोटींचा धंदा आटत गेला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई-गोवा प्रवासी बोटही थांबली. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्णत्वाला गेली, ते मधु दंडवते आणि जॉर्ज फर्नांडिस यांच्या चिकाटीचे फळ होते. पण महाड शहर तिच्यापासून बाजूलाच राहिले. महाडच्या औद्योगिक वसाहतीतला माल, रसायनांचे टँकर, भाजीपाला व सिमेंट यांचा सारा भार मुंबई-गोवा महामार्गावर आहे. आणि त्या महामार्गाच्या रुंदीकरणाची कथा प्रत्येक कोकणवासीयाने आपल्या कमरेच्या मणक्यांवर वाचली आहे. जलवाहतुकीचा पुरस्कार करताना सरकारी कागदपत्रांत एक हिशेब वारंवार दिला जातो : एक लिटर इंधनात रस्त्याने एक टन माल २४ किलोमीटर जातो, रेल्वेने ८५ आणि जलमार्गाने १०५. हा हिशेब ज्या सरकारला पाठ आहे त्याच सरकारने २०१६ च्या कायद्याने सावित्री नदी-बाणकोट खाडीला राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ८९ असे नाव दिले. नाव मिळाले, पण नदी मात्र गाळाने भरलेलीच राहिली. पात्रातील बेटे आणि गाळ पुराचे पाणी महाडच्या घराघरांत ढकलतात, हे नागरिकांनी वर्षानुवर्षे सांगितले. २०२१ चा प्रलय झाल्यावर गाळ काढण्याच्या कामाला गती आली.

याच जिल्ह्यात अंबा नदी हाही राष्ट्रीय जलमार्गच आहे, आणि तो ओस नाही. धरमतर खाडीतून डोलवीच्या पोलाद कारखान्याचा कोळसा व खनिज घेऊन बार्ज अखंड ये-जा करतात. म्हणजे मोठ्या भांडवलाला गरज असली की नदी जलमार्ग होते, आणि सामान्य जनतेची गरज असली की ती अधिसूचनेतील एक क्रमांक राहते.

बाणकोट खाडीने यंत्राचा अनुभवही घेतलेला आहे. खाडीत बुडी मारून हातपाटीने वाळू काढणारा कष्टकरी आणि सक्शन पंप लावून रातोरात पात्र पोखरणारा ठेकेदार, यांतला फरक काठावरच्या गावांना कोणी शिकवावा लागत नाही. हातपाटीवाल्याच्या श्रमाला भरती-ओहोटीची मर्यादा होती. पंपाला लोभाखेरीज मर्यादा नव्हती. म्हणून गाळ काढण्याच्या मागणीतही सावधपणा हवा. गाळाच्या नावाखाली वाळूचा धंदा आणि जलमार्गाच्या नावाखाली मासळीच्या जागांचा नाश, हे दोन्ही धोके खरे आहेत. काठच्या ग्रामसभांच्या देखरेखीशिवाय एक घमेलेही उचलले जाऊ नये.

सावित्रीत पूर्वीसारखी गलबते पुन्हा गर्दी करतील, अशी स्वप्ने विकण्याचे प्रयोजन नाही. पात्र उथळ आहे, पाणी भरतीवर अवलंबून आहे, पावसाळ्याचे चार महिने वेगळे आहेत. परंतु उथळ पाण्यात चालणाऱ्या छोट्या विजेच्या बोटी ही आता कल्पना राहिलेली नाही. केरळच्या सरकारी जलवाहतूक खात्याने जानेवारी २०१७ मध्ये वैकमच्या खाडीत ‘आदित्य’ ही ७५ प्रवाशांची सौरबोट सुरू केली. कोचीत २०२३ पासून सार्वजनिक मालकीची जल-मेट्रो विजेवर धावते. दोन्हीकडे नावाडी आहेत, तिकीट देणारे आहेत आणि धूर जवळजवळ नाही. डॉ. राममनोहर लोहियांनी छोट्या यंत्राचा आग्रह धरला होता तो याच अर्थाने : यंत्र माणसाच्या हातात मावावे, गावात दुरुस्त व्हावे, आणि त्याची मालकी दूरच्या शेठजीकडे नसावी. उत्सर्जन कमी करण्याचा खरा, स्वस्त आणि तातडीचा मार्ग या दिशेने आहे.

मागणी काय असावी?

या विवेचनातून काही निश्चित मागण्या निघतात. पहिली, सावित्रीचा गाळ शास्त्रीय पाहणीनुसार आणि ग्रामसभांच्या नियंत्रणाखाली काढला जावा. पूर-निवारण आणि जलमार्ग हे एकच काम मानले जावे. दुसरी, दासगाव आणि खाडीकाठच्या गावांतले धक्के सार्वजनिक खर्चाने बांधले जावेत आणि त्यांवर विजेच्या मालवाहू व प्रवासी बोटी चालवण्याचा पहिला हक्क काठावरच्या मच्छीमारांच्या, नावाड्यांच्या आणि पूर्वीच्या हातपाटी कामगारांच्या सहकारी संस्थांना मिळावा. तिसरी, बोटींवर दिशादर्शनाची व टक्कर टाळण्याची आधुनिक यंत्रे अवश्य असावीत, मात्र प्रत्येक बोटीवर प्रशिक्षित माणूस असणे कायद्याने बंधनकारक असावे. चौथी, भारताच्या ध्वजाखालील वा भारतीय बंदरांत येणाऱ्या जहाजांवर स्वयंचलन आणावयाचे असेल तर त्याआधी खलाशांच्या संघटनांशी करार व्हावा. किनाऱ्यावरील नियंत्रण-कक्षांतली कामे प्रथम त्याच खलाशांना मिळावीत, आणि त्यासाठीच्या प्रशिक्षणाचा खर्च जहाजमालकांनी द्यावा. पाचवी, अपघात झाल्यास यंत्राचा दोष सिद्ध करण्याचे ओझे पीडितावर न टाकता मालकावर टाकावे.

यांतली एकही मागणी क्रांतीनंतरची नाही. १९४८ चा गोदी कायदा आणि १९६९ चा माथाडी कायदा जेव्हा मागितले गेले तेव्हा तेही अव्यवहार्य म्हणूनच हिणवले गेले होते. ते झाले ते संघटित माणसांनी मागितले म्हणून.

पुढच्या पावसाळ्यापूर्वी महाड आणि पोलादपूर तालुक्यांतील कार्यकर्त्यांनी एवढे तरी करावे : खाडीकाठच्या गावांत ग्रामसभा घ्याव्यात, मुंबईत नोकरीला असलेल्या व बोटीवर असलेल्या गावकऱ्यांना त्यांत बोलवावे, आणि राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ८९ वर आजवर काय काम झाले याचा लेखी जाब संबंधित खात्यांना विचारावा. जगातल्या जहाजांवरून माणूस उतरवण्याची भाषा सुरू झाली आहे. सावित्रीच्या काठावर आधी माणसाला जहाजावर चढवण्याची मागणी झाली पाहिजे.